ग्रीडचं गोत्र

इंग्रजी शब्द आमच्याकडे, अलिबागला, लाँचने येतात. मांडव्याच्या जेट्टीवर उतरतात, चोंढी नाक्यावर चहा घेतात आणि दिवस मावळेपर्यंत रिक्षावाल्यांच्या तोंडी बसलेले असतात. ‘सी-टच’ असाच आला, ‘क्लिअर टायटल’ असाच आला. ‘वीकेंड होम’ तर सामानसुमानासकट आलं आणि आठवड्याचे पाच दिवस कुलूप लावून पडून राहू लागलं. आताचा नवा पाहुणा आहे ‘ग्रीड’.

तो मला भेटला नाक्यावरच्या एका पोराच्या तोंडी. बापाने रस्त्याकडचे वीस गुंठे विकले. त्यातून गाडी आली, घरावर मजला चढला आणि उरलेल्या पैशांवर पोरगा मोबाइलवर ऑप्शन खेळतो. त्या दिवशी तोंड उतरलेलं होतं. काय झालं विचारलं तर म्हणाला, “काका, सकाळी चांगला प्लसमध्ये होतो. तेव्हाच सगळं कापून बाहेर पडायला पाहिजे होतं. ग्रीड नडला.”

शेतकऱ्याला पाऊस नडतो, तसा याला ग्रीड नडला. ‘मी हावरटपणा केला’ म्हणाला असता तर वाक्यात ‘मी’ आला असता आणि रात्री झोप उडाली असती. ग्रीड कसा, बाहेरून आला, नडला, निघून गेला. तलाठ्याला बोलावून पंचनामा करावा आणि नुकसानभरपाईचा अर्ज टाकावा, इतका परका. सेबीने २०२४ साली हिशेब मांडला, की मागच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या कोटीभर लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. ही ९३ टक्के माणसं सगळी सज्जन, आणि सगळ्यांना नडणारा एकच. इतका सराईत गुन्हेगार अजून मोकळा फिरतोच कसा, हा खरा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे.

ही सोय इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. तिथे जुनं होतं ते विशेषण, ‘ग्रीडी’. हजार वर्षांहून जुनं. विशेषणाची पंचाईत अशी की त्याला माणूस लागतो. हावरा म्हटलं की लगेच ‘कोण?’ असा प्रश्न येतो आणि कुणाकडे तरी बोट दाखवावं लागतं. नुसत्या दुर्गुणाबद्दल बोलायचं तर लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला ‘अ‍ॅव्हरिस’ होता, पण तो पाद्र्यांच्या ताब्यात, सात महापातकांच्या यादीत. बाजारात त्याचा उपयोग नाही. मग साधारण १६०० च्या सुमाराला ‘ग्रीडी’ची शेपटी कापून ‘ग्रीड’ हे नाम तयार झालं. आधी विशेषण, मागाहून नाम, अशी उलटी वरात. आता दुर्गुण माणसावाचून हिंडूफिरू शकत होता. त्याच १६०० सालच्या ३१ डिसेंबरला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. मी व्युत्पत्ती सांगतोय, आरोप करत नाही.

पुढची पावणेचारशेहून जास्त वर्षं हा शब्द शिवीच होता. त्याला बढती मिळाली १९८६ साली. न्यूयॉर्कचा आयव्हन बोस्की नावाचा शेअरबाजारी त्या मे महिन्यात बर्कलीच्या बिझनेस स्कूलच्या पदवीदानाला पाहुणा म्हणून गेला आणि लोभ ही प्रकृतीला मानवणारी चीज आहे, लोभी असूनही माणूस स्वतःवर खूश राहू शकतो, असं त्याने पोरांना सांगितलं. नोव्हेंबरात तोच बोस्की आतल्या खबरीवर शेअर घेतल्याच्या प्रकरणात सापडला, दहा कोटी डॉलर भरून बसला आणि नंतर तुरुंगात गेला. दुसऱ्या वर्षी ‘वॉल स्ट्रीट’ सिनेमा आला. त्यात मायकल डग्लसने केलेल्या शेअरबाजारी खलनायकाने तेच तत्त्वज्ञान आणखी झोकात सांगितलं आणि डग्लसला ऑस्कर मिळालं. बोलणारा आत गेला, त्याच्यासारखं बोलून दाखवणाऱ्याला बाहुली मिळाली. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? खलनायकाचं वाक्य. तो खलनायक होता, हे बहुतेक जण विसरले.

आता तर सीएनएनवाले रोज ‘फिअर अँड ग्रीड’चा निर्देशांक काढतात. शून्य ते शंभर. काटा डावीकडे गेला की भीती, उजवीकडे गेला की लोभ. महापातकाला मीटर बसवला. मीटर बसला की पाप संपतं आणि नुसतं रीडिंग उरतं.

तर आता ग्रीडचं गोत्र. काही व्युत्पत्तीवाले ‘ग्रीडी’चं नातं संस्कृतातल्या ‘गृध्’ या धातूशी लावतात. गृध् म्हणजे आसुसणं, हाव धरणं. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात हा धातू आहे, दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नकोस म्हणून दम देताना. याच धातूचा दुसरा मुलगा गृध्र, म्हणजे आपलं गिधाड. पत्रिका बघायला बसलं तर ग्रीड आणि गिधाड सगोत्र निघतील.

इथे मला गिधाडाचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं. गिधाड आमच्या जिल्ह्यातलंच. म्हसळा तालुक्यात चिरगावला त्याची घरटी आहेत आणि ती टिकवण्यासाठी माणसं राबतात. या पक्ष्याची वागणूक पाहा. जनावर जिवंत असताना ते मालकाला इसार देत नाही. मेल्यावर येतं, पोटभर खातं, जड झालं तर जरा वेळ बसून राहतं आणि मग उडून जातं. उरलेल्या हाडांभोवती तारेचं कुंपण घालत नाही, ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी लावत नाही, पुढच्या मेलेल्या बैलाचं आगाऊ बुकिंग करत नाही. असा संतोषी प्राणी १९९० च्या दशकापासून देशभर झपाट्याने संपत गेला, कशाने, तर गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक कारभार आटोपला होता. आणि नाव कुणाला गेलं? बुडीत कंपन्यांची कर्जं मातीमोलाने उचलून भरभक्कम वसुली करणाऱ्यांना जगाच्या बाजारात ‘वल्चर फंड’ म्हणतात. गिधाडाला अब्रूनुकसानीचा दावा करता येत नाही.

अलिबागकरांना येतो. ‘अलिबाग से आया है क्या?’ हे हिंदी सिनेमातलं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अर्थ सरळ आहे, येडा समजतोस का. हे वाक्य बंद करा, अशी याचिका एका अलिबागकराने २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात नेली. न्यायालयाने फेटाळली, विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, या अर्थाचं काहीतरी सांगून. बरोबरच आहे. ज्या सिनेमावाल्यांनी हे वाक्य वर्षानुवर्षं विकलं, त्यांनीच पुढे अलिबागमध्ये जमिनी घ्यायला रांगा लावल्या. आता शनिवारी सकाळी रो-रो बोटीतून इथे उतरलेल्या कुणालाही रविवारी रात्री मुंबईत विचारा, कुठून आलात? उत्तर एकच असतं.

आमच्याकडे या व्यवहाराची स्वतंत्र भाषा आहे. विकत घेणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, ‘पार्टी’ म्हणायचं. एक माणूस आला तरी पार्टी, नवराबायको आली तरी पार्टी. जमीन कशाला तरी ‘टच’ असावी लागते. रोड-टच, सी-टच, गेलाबाजार गावठाण-टच. अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, ‘जेट्टीपासून वीस मिनिटं’ असं सांगतात. ही वीस मिनिटं थळापासून रेवदंड्यापर्यंत सगळीकडे लागू आहेत. एजंट दोन टक्के घेतो, म्हणजे दोन्हीकडून दोन. गेल्या दिवाळीत यातल्या एकाचा शुभेच्छा-संदेश आला. पणत्या, लक्ष्मी, खाली त्याच्या ऑफिसचा पत्ता आणि शेवटी आपली जुनी पत्रातली ओळ, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा. त्या धंद्यातलं इतकं प्रामाणिक वाक्य मी तोवर वाचलं नव्हतं.

या भाषेतला सगळ्यात वाईट शब्द ‘कूळ’. पार्टीचा पहिला प्रश्न, जमिनीला कूळ नाही ना? वाळवी नाही ना, या सुरात. कूळ म्हणजे जिवंत माणूस. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसलेला, चिखलात कंबर मोडलेला. तो आता इतर हक्कांच्या रकान्यातला डाग झाला आहे.

हा डाग याच तालुक्यात एकदा सहा वर्षं अडून बसला होता. १९३३ साल, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, अलिबाग तालुक्यातलं चरी. खारेपाटात जमीन म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण. बांध फुटला, खांड गेली, की शेतात खारं पाणी आणि पुढची दोन-तीन वर्षं भाताच्या नावाने आंघोळ. बांध घालायचा कुळाने, राखायचा कुळाने, पेरायचं-लावायचं-कापायचं कुळाने आणि खळ्यावर भात मोजायला सावली धरून उभे राहायचे खोत. पिकाचा निम्मा वाटा तर त्यांचा ठरलेलाच, वर वेठ. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरीच्या आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी ठरवलं, नांगर धरायचा नाही. जमीन तुमची ना, मग तुम्हीच पिकवा. १९३९ पर्यंत शेतं ओस राहिली. माणसांनी मोळ्या विकल्या, मासळी मारली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. खोतांच्या ओटीवर तेव्हा या लोकांबद्दल काय बोललं जात असेल, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नसणार, पण अंदाज करायला फार अक्कल लागत नाही. ‘खायला मिळालं की माजतात’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पिढीला नव्याने सुचतं.

१९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कूळ कायद्याने मालक झालं. एक एप्रिल ही तारीख कुणी निवडली, त्याला विनोदबुद्धी होती का, हे एकदा तपासायला हवं. कारण त्याच कायद्यात कलम ६३ आहे. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येऊ नये. हेतू असा की कसणाऱ्याची जमीन पुन्हा पैसेवाल्याच्या घशात जाऊ नये. फळ असं आलं की पैसेवाल्यांनी शेतकरी व्हायला घेतलं. पणजोबाचा कुठल्या तरी राज्यातला उतारा, कुठल्या तरी तालुक्याचा दाखला. शेतकरी शेती सोडत चालले, अशी देशभर ओरड आहे. आमच्या किनाऱ्यावर उलट आहे. मलबार हिल आणि जुहूवरून दरवर्षी नवे शेतकरी भरती होतात. त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, हे लॉन इतकं उंच का वाढू दिलंय? मी म्हटलं, भात आहे.

पुढची गोष्ट उरणची. न्हावा-शेव्याचं बंदर, सिडको, जमिनी घेतल्या, सरकारी दर जाहीर झाला. दि. बा. पाटलांच्या मागे गावं उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. शंभर घेऊन साडेबारा परत देणाऱ्याला आपण शासन म्हणतो. तेवढे साडेबारा मिळेपर्यंत फायली घेऊन सिडको भवनाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला काय म्हणतात, ते नवी मुंबईतल्या कुठल्याही दिवाणखान्यात ऐका. “या लोकांना कितीही द्या, पुरतच नाही.”

आणि पेण. महामुंबई सेझ नावाची रिलायन्सची योजना होती, पेण-उरण-पनवेलची गावंच्या गावं घेणारी. हेटवणे धरणाच्या पाण्यावर हक्क असलेल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला मतदान घेतलं, जमीन द्यायची की नाही म्हणून. लोकांनी रांगा लावून मतं दिली. निकाल सरकारने पेटीबाहेर काढलाच नाही. न काढता सगळ्यांना कळला, सेझ बारगळला. त्या वेळी बरेच शहाणे लोक म्हणत होते, शेतकरी भाव वाढवून घ्यायला नाटक करताहेत. भाव वाढवून घेणं हा जर गुन्हा असेल तर दलाल स्ट्रीटवर रोज सकाळी सव्वानऊला सामुदायिक अटक करावी लागेल.

आता मूळ मुद्दा. ‘ग्रीड’ हे नाम वरच्या लोकांनी स्वतःसाठी ठेवलं आहे. ते त्यांना बाजारात भेटतं, काट्यावर दिसतं, नडतं आणि जातं. ‘ग्रीडी’ हे विशेषण मात्र खालच्या माणसासाठी राखीव आहे, कारण त्याला अजून माणूस लागतो. आवासला एका वास्तुशांतीला गेलो होतो. घरमालक भले. पोहण्याचा तलाव दाखवला, समुद्रापासून शंभर पावलांवर गोड्या पाण्याचा तलाव. प्लॉट बारा वर्षांपूर्वी घेतला, आज त्याचे पंधरापट झाले, हे सांगताना त्यांनी ‘अ‍ॅप्रिशिएशन’ हा शब्द वापरला. जमिनीने जणू त्यांचं कौतुक केलं होतं. मग शहाळी आली. ती हातात देताना वहिनी म्हणाल्या, “इथले लोक ना, फार ग्रीडी झालेत हल्ली. शहाळ्याला सत्तर रुपये मागतात. स्वतःच्याच झाडाचं असतं ना त्यांचं!” पंधरापट झालं ते कौतुक, सत्तर रुपये झाली ती हाव. मी शहाळं प्यालो. चांगलं होतं.

किहीम तिथून जवळ. १९३० साली जर्मनीहून परतलेले आणि नोकरी नसलेले सलीम अली किहीमला राहिले होते आणि फावल्या वेळात, म्हणजे दिवसभर, सुगरणीची घरटी पाहत बसले. त्यांनी टिपलं ते असं. घरटं विणतो तो नर. तोही पूर्ण विणत नाही, अर्धं विणून थांबतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. पसंत पडलं तर मुक्काम, नाही तर चालू लागते. पसंत पडलं की नर उरलेलं पुरं करतो आणि मादी अंड्यांवर बसली रे बसली की लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. सेकंड होमची कल्पना किहीमला तेव्हापासून आहे. फरक एवढाच की सुगरण पावसापुरतं घरटं वापरते आणि नंतर त्यावर हक्क सांगत बसत नाही.

याच किहीमला नीरव मोदीचा बंगला होता. तीस हजार चौरस फुटांच्या वरचा, किनारा नियमांना गुंडाळून ठेवून बांधलेला. पंजाब नॅशनल बँकेचं तेरा हजार कोटींचं प्रकरण उघडं पडलं, मालक परदेशी, बंगल्यावर ईडीची मोहोर. उच्च न्यायालयात याचिका होतीच. जिल्हा प्रशासनाने पाडायला घेतला तर यंत्रांना बंगला दाद देईना. शेवटी खांबांना भोकं पाडून सुरुंग ठासले आणि ८ मार्च २०१९ ला तो उडवला. टीव्हीवर दिवसभर धुरळा. गावातला एक गवंडी मला म्हणाला, “काम मात्र नंबरी केलं होतं हो.” बँकेची तिजोरी जितकी भुसभुशीत, तितका कर्जदाराचा बंगला मजबूत. धुरळा बसल्यावर किनाऱ्यावरच्या बाकीच्या बंगल्यांच्या मालकांनी काय धडा घेतला? चांगला वकील आधीच लावून ठेवावा, हा.

शिवाय नियमच आता समजूतदार झालेत. १९९१ च्या किनारा नियमनात गावांकडे भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला बंदी होती. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ती ५० वर आणली. समुद्र जागच्या जागी आहे, किंबहुना दर पावसाळ्यात एखादी सुरूची रांग खाऊन पुढेच सरकतो आहे. मागे सरकली ती रेष. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, पाठोपाठ उरण-पनवेल-पेणच्या १२४ गावांची ‘तिसरी मुंबई’ कागदावर उभी राहिली. पहिल्या दोन मुंबया पुरल्या नाहीत. त्याला मात्र हाव म्हणत नाहीत. व्हिजन म्हणतात.

इथवर वाचून गावकरी मंडळी खूश झाली असतील, म्हणून जरा घरात येतो.

अलिबागच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर सकाळी अकरा वाजता उभे राहा. झेरॉक्सवाला, मुद्रांकवाला, वडापावची गाडी, काळ्या काचांच्या दोन-तीन मोठ्या गाड्या. आणि बाकावर बसलेल्या बायका. साठीच्या, सत्तरीच्या, कुणी नऊवारीतल्या. कपाटातली ठेवणीतली साडी नेसून आलेल्या, कारण भावाने गाडी पाठवली होती. यांना आणलंय हक्कसोडपत्रावर सही करायला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा द्यायचा कायदा महाराष्ट्राने १९९४ सालीच केला, देशाने २००५ साली. तीस वर्षं होऊन गेली. बहिणीचं नाव वारस म्हणून सात-बाऱ्यावर चढतं, तेवढ्याने भावाचं पित्त खवळतं आणि पार्टी आली की ते नाव उतरवण्यासाठी तिला साडीचोळी करून आणतात. सुक्या सुरमईचा वाटा पण वजन करून घेणारा भाऊ इथे म्हणतो, “ताई, तुला काय कमी आहे? भाऊबीज आहे ना कायमची.” कोटीच्या जमिनीवर सही आणि दर वर्षी पाचशेची ओवाळणी. सहा वर्षं उपाशी राहून खोताला नमवणाऱ्यांची ही नातवंडं. खोताला कबुलायत लागायची, यांना हक्कसोडपत्र लागतं.

तिथल्या एका बाईंचं काम अडलं होतं. यंत्र अंगठा घेत नव्हतं. लावणी, कापणी, मिठागर, धुणी-भांडी, सगळं आयुष्य त्या बोटांवरून गेलेलं, रेषा उरल्या नव्हत्या. कारकुनाने अंगठा पुसायला लावला, पदराला घासायला लावला, पुन्हा दाबला. यंत्राने पुन्हा नकार दिला. सगळ्या कचेरीत हरकत घेणारं ते एकटंच होतं. बाई हसून भाच्याला म्हणाल्या, “माझं काय म्हणणं नाय रे. ते विहिरीकडचं कलमाचं झाड तेवढं लिहून घ्या. बयनं लावलेलं, मी पाणी घातलेलं. माझ्या नातवंडांना दोन-चार डझन आंबे येतील.”

भाच्याने एजंटाकडे पाहिलं. एजंटाने घड्याळाकडे पाहिलं. झाड प्लॉटच्या मधोमध येतं, तिथे तलाव धरलाय, असं त्याने हळूच सांगितलं. मग भाचा आत्याच्या कानाशी वाकला. आवाज काही त्याला लहान ठेवता आला नाही. “आत्या, या वयात इतकी हाव बरी नाय. लवकर दाब अंगठा, पार्टी खाली गाडीत एसी लावून बसलेय.”